कुंचला, कॅमेरा आणि टिपणवही

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. लंडनहून मागवलेला विल्यमसन कॅमेरा त्या कुंडीसमोर उभा केला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर ते सगळं जेमतेम मिनिटभरात संपायचं: माती तडकायची, कोंब डोकं काढायचा, पानं सुटायची, वेल वर चढायची. 'अंकुराची वाढ' नावाची ही चित्रफीत त्यांनी निवडक मंडळींना दाखवली, ती भांडवल उभं करण्यासाठी. पैसे मिळाले, 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला, ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढचा इतिहास शाळकरी पोरांनाही पाठ आहे. वाटाणा मात्र तळटीपेत गेला.

खरं तर फाळक्यांचा अख्खा स्वभाव त्या मिनिटभरात आहे. १८८५मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, वास्तुरचना, मूर्तिकाम, छायाचित्रण असं मिळेल ते शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला, पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकाराची नोकरी केली, लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळाछपाईचं काम केलं. चित्र काढणारा हात, यंत्राशी खेळणारा हात आणि 'हे नेमकं होतं कसं' म्हणून खोदत राहणारं डोकं एकाच माणसाकडे होतं. आज अशा माणसाला आंतरविद्याशाखीय कलावंत म्हणतात. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात त्याच्या नावापुढे चित्रकार, फिल्मकार, संशोधक अशी विशेषणं स्वल्पविराम देऊन मांडलेली असतात. विद्यापीठं त्याच्यासाठी अभ्यासक्रम काढतात, बिनालेंमध्ये त्याला दालन मिळतं.

हा सगळा प्रकार नवा आहे असं समजून बोलण्याची सध्या फॅशन आहे. महाराष्ट्रापुरतं तरी ते खरं नाही. शिवाय तीन कामं एका माणसाने केली म्हणजे ती एकमेकांत मिसळली असंही होत नाही. चित्रकार कॅमेरा हाती घेतो तेव्हा त्याचं चित्र बदलतं का, संशोधनाने त्याचा हात बदलतो का, हे पाहावं लागतं. आणि त्याहून रुक्ष, पण जास्त निर्णायक प्रश्न म्हणजे ही कामं कुणाच्या पैशाने, कुठल्या जागेत झाली आणि झाल्यावर ती सांभाळली कुणी.

कोल्हापूरच्या बाबूराव कृष्णराव मेस्त्रींचं तर आडनावच 'पेंटर' पडलं. नात्यातले बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट हे सगळं सपाट कापडावर असं उतरवायचं की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही खोली जाणवावी. फाळक्यांचे चित्रपट पाहिल्यावर दोघांनाही कॅमेऱ्याने झपाटलं. १९१६मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्यांच्या मदतीने कॅमेरा स्वतःच घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

जन्मभर पडदे रंगवलेल्या या माणसाने सिनेमात आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर रंगवलेले पडदे हटवले. त्यांच्या जागी ज्यात माणूस फिरू शकेल, ज्याच्या भिंतीवर सावली पडेल असे भरीव सेट उभारले. चित्रीकरणाआधी पात्रांच्या हालचालींची आणि पेहरावांची रेखाटनं ते स्वतः करत. कॅमेऱ्याचा डोळा फसवता येत नाही, नाटकाच्या प्रेक्षकाचा येतो, हे त्यांना पडदे रंगवूनच कळलं होतं. दामले, फत्तेलाल, शांताराम ही पुढची प्रभात फिल्म कंपनीची माणसं याच शाळेत तयार झाली. १९३६च्या 'संत तुकाराम'मधली देहू आज इतकी साधी आणि राहती वाटते, त्यामागे कोल्हापूरच्या पेंटरांची ही शिकवण आहे.

आणि १९२५चा 'सावकारी पाश'? ना. ह. आपटे यांच्या कथेवरचा, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा तो मूकपट उरलेला नाही. उरल्या आहेत त्या पाहिलेल्यांच्या आठवणी. चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडियांना पुढे आयुष्यभर आठवत राहिली ती अंधुक प्रकाशातली एक झोपडी आणि कुत्र्याचं रडणं. मूकपटातलं रडणं ऐकू आल्यासारखं लक्षात राहावं, हे चित्रकाराने प्रकाशावर घेतलेल्या मेहनतीचं फळ. पण ती मेहनत तपासून पाहायला आज एकही फूट फिल्म हाताशी नाही.

यानंतर मोठी उडी घ्यावी लागते. बोलपट आला, स्टुडिओ आले, कामाची वाटणी झाली. चित्रकार कलादिग्दर्शक झाला किंवा रस्त्यावर पोस्टर रंगवू लागला. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. तय्यब मेहता फेमस स्टुडिओत संकलनाच्या टेबलावर फिल्म कापत होते. चित्रकला आणि सिनेमा पुन्हा समोरासमोर आले ते सरकारी छत्राखाली, फिल्म्स डिव्हिजनमध्ये.

१९४८मध्ये सुरू झालेली ही संस्था बहुतेकांना आठवते ती सिनेमाआधीच्या सक्तीच्या समाचारचित्रांमुळे. पण साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे सल्लागार जहांगीर भावनगरींच्या काळात खिडक्या उघडल्या होत्या. दिग्दर्शक प्रमोद पतींनी चित्रकार आणि व्यंगचित्रकार आबिद सुरतींना एका खोलीत सोडलं आणि फ्रेमगणिक हलवत 'आबिद' (१९७२) नावाची धमाल फिल्म केली. त्याआधी १९६७मध्ये हुसेन यांनी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केली. राजस्थानातली गावं, किल्ले, बाजार, आणि त्यांतून फिरणाऱ्या छत्री, कंदील, जोडा अशा हुसेनी वस्तू. ना कथा, ना निवेदन. अधिकाऱ्यांना काय म्हणावं ते सुचेना. बर्लिन महोत्सवात तिला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं आणि प्रश्न मिटला.

आज ती पाहिली की आनंद होतो आणि एक शंकाही येते. हुसेन यांनी कॅमेरा वापरला तो स्केचबुकासारखा. दिसेल ते टिपलं, शेजारी शेजारी मांडलं. कॅमेऱ्याने त्यांना असं काही दाखवलं का, जे कुंचल्याने दिसलं नसतं? फारसं नाही. पुढच्या 'गजगामिनी'पर्यंत त्यांचा सिनेमा रंगवलेलाच राहिला.

तय्यब मेहतांची 'कूडल' (१९७०) वेगळी आहे. तीही फिल्म्स डिव्हिजनचीच, जेमतेम १६ मिनिटांची. वांद्र्याच्या कत्तलखान्यातली जनावरं, माणसांची गर्दी, चेहरे, देह. संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कापण्याची ताकद ठाऊक असते. इथे दृश्य मध्येच तुटतं, परत येतं, पुन्हा तुटतं. पाय बांधलेला, कोसळणारा बैल त्यांच्या कॅनव्हासवर आधीपासून होता आणि पुढेही अनेक वर्षं येत राहिला. तिरप्या रेषेने उभी फाडलेली त्यांची चित्रं फिल्म पाहून आल्यावर पाहिली, तर तो छेद संकलकाचा वाटू लागतो. इथे एका माध्यमाने दुसऱ्याला खरोखर काही दिलं.

संशोधन हा शब्द मात्र या दोघांनी वापरला नसता. तो आणला अकबर पदमसींनी.

१९६९मध्ये पदमसींना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. नावाजलेला चित्रकार अशा पैशातून काय करील? मोठा स्टुडिओ घेईल, परदेशी जाईल. पदमसींनी कॅमेरे, प्रोजेक्टर, संकलनाची साधनं आणि धातूवर कोरलेल्या चित्रांचे छाप काढण्याचं यंत्र घेतलं, नेपियन सी रोडवर 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' मांडलं आणि त्याची दारं दुसऱ्यांसाठी उघडली. चित्रकार आले, दिग्दर्शक मणि कौल आले, छायाचित्रणकार के. के. महाजन आले, मनोविश्लेषक उदयन पटेल आले. कुणी कुणाला शिकवायचं असं ठरलेलं नव्हतं. हा सगळा व्याप १९७२पर्यंत चालला. तीनेक वर्षं म्हणजे पदवीच्या अभ्यासक्रमाइतका काळ, पण इथे ना परीक्षा होती ना प्रमाणपत्र.

पदमसींची तिथली फिल्म 'सिझिजी'. अकराएक मिनिटं, कृष्णधवल, आवाज नाही, माणूस नाही, वस्तूही नाहीत. ठिपके आणि रेषा. आधी ठरवलेल्या आकड्यांच्या नियमाने कागदावर रेषा काढायची, पुढच्या कागदावर नियम एक पाऊल पुढे न्यायचा, असे शेकडो कागद. राम मोहन यांच्यासारख्या पट्टीच्या ॲनिमेटरने त्यांना हालचाल दिली. चित्रकार पॉल क्ली यांच्या टिपणांचा पदमसींनी बारकाईने अभ्यास केला होता. रेषा म्हणजे फिरायला निघालेला बिंदू, ही त्यातली कल्पना इथे गणिताच्या तावडीत सापडते. फिल्म बघणाऱ्याची परीक्षा पाहते, हे कबूल करायला हवं. पाचव्या मिनिटाला माणूस चुळबुळू लागतो. पण त्याच सुमारास पदमसींची 'मेटास्केप' ही चित्रमालिका सुरू झाली. 'शाकुंतला'च्या नांदीतून उचललेल्या कल्पनेने त्यांत सूर्य आणि चंद्र एकाच वेळी आकाशात असतात, जमीन फक्त रंगांच्या पट्ट्यांतून घडते. त्या चित्रांमधली शिस्त आणि 'सिझिजी'तली शिस्त एकाच वहीतल्या आहेत. संशोधन करून चित्र काढणं याचा अर्थ इथे पुस्तकं वाचून चित्र काढणं असा होत नाही. चित्र कशाकशाने बनतं तेच सुटं करून पाहणं, असा होतो.

त्यांची दुसरी फिल्म 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. ही रंगीत. स्वतःच्याच एका तैलचित्रातले आकार त्यांनी प्रकाशाचे झोत टाकून पडद्यावर पुन्हा घडवले. तिची एकुलती एक प्रत होती. ती प्रदर्शनासाठी पाठवली गेली आणि परत आलीच नाही. फिल्म संग्रहालयाच्या दृष्टीने तो सिनेमा नव्हता, कलादालनाच्या दृष्टीने ते चित्र नव्हतं. धड ना हे, धड ना ते. पुढे दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीवर विसंबून ती फिल्म पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला आणि २०१६मध्ये त्याच नावाने त्याची फिल्म झाली. भारतातल्या एका महत्त्वाच्या प्रायोगिक फिल्मबद्दल आज जे माहीत आहे ते असं, हरवलेल्या वस्तूच्या पंचनाम्यातून.

याच वर्कशॉपमध्ये नलिनी मलानी होत्या. कराचीत १९४६मध्ये जन्म, फाळणीत कुटुंबाचं स्थलांतर, १९६९मध्ये जे.जे.ची पदविका. तिथून थेट नेपियन सी रोड. विशीतली मुलगी तिथे पुठ्ठ्याचं वास्तुशिल्पासारखं मॉडेल करते, त्यावर रंगीत प्रकाश टाकते आणि फ्रेमगणिक चित्रित करते. 'ड्रीम हाउसेस'मध्ये चौकोन आणि त्रिकोण लाल-निळे-पिवळे होत एकमेकांवर सरकतात. स्वतंत्र देशात सर्वांना घर मिळेल, नगररचना माणसाचं आयुष्य बदलेल, या त्या काळच्या विश्वासाची ती फिल्म. १९७६पर्यंत तो विश्वास आटला होता. तेव्हा त्यांनी कृष्णधवल दुसरी फिल्म केली. तीत एक तरुणी मुंबईच्या झोपड्यांकडे आणि बांधकामांकडे बघते आहे. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी चालवल्या आणि नाव दिलं 'युटोपिया'. चार मिनिटांहून कमी लांबीचं हे काम मुंबईच्या गृहनिर्माणावरच्या कित्येक अहवालांपेक्षा जास्त बोलतं.

गंमत अशी की त्या काळात या दोन्ही फिल्मची दखल घेणारं कुणी नव्हतं. त्या पेटीबंद राहिल्या आणि काही दशकांनी मलानींचं नाव जगभर झाल्यावर संग्रहालयांच्या दालनांत परतल्या. 'क्लाउड चेंबर'चं जे झालं ते यांचंही सहज होऊ शकलं असतं.

मलानींकडे संशोधन दुसऱ्या वाटेने आलं. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांनी फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांच्या वेदनेवर आणि मौनावर लिहिलेला निबंध त्यांच्या वाचनात आला. त्यातून २००५मध्ये व्हेनिसला दाखवलेली 'मदर इंडिया' ही पाच पडद्यांची व्हिडिओ मांडणी झाली. फाळणी आणि २००२चा गुजरातमधला हिंसाचार त्यांनी एका श्वासात पाहिला. निबंधाचं चित्रीकरण त्यांनी केलं नाही, हे महत्त्वाचं. निबंध सांगतो की काही दुःखं भाषेत मावत नाहीत. मग त्याचं निवेदन करून उपयोग काय? त्यांनी बाईच्या देहावर जुनी चित्रं, प्रचाराच्या प्रतिमा उमटवल्या आणि पाच पडद्यांच्या मध्ये प्रेक्षकाला उभं केलं. एकाकडे बघावं तर बाकीचे निसटतात.

त्यांच्या हाताचं वैशिष्ट्य बघायचं तर फिरत्या नळकांड्यांपाशी जावं. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर त्या आतल्या बाजूने रंगवतात. काचेवरच्या उलट्या चित्रांची ही रीत अठराव्या शतकात चीनमधून भारतात आली. इथे आधी काढायची ती डोळ्यातली चमक, त्यानंतर डोळा, मग चेहरा आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. नेहमीच्या चित्राचा क्रम पुरता उलटा. असं रंगवलेलं नळकांडं छताला टांगून सावकाश फिरवायचं, त्यातून प्रकाश आणि व्हिडिओ आरपार सोडायचा. भिंतीवर सावल्या धावतात, चित्र सिनेमा होतं आणि सिनेमावर रंगाचे फराटे उमटतात. २०१२च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनामधली 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' अशीच. २०२३मध्ये त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला.

माध्यमं एकमेकांना काय देतात या प्रश्नासाठी मराठी वाचकाने मुंबईबाहेर कुठे बघायचं झालं, तर जोहान्सबर्गकडे बघावं. तिथले चित्रकार विल्यम केंट्रिज यांची पदवी राजकारण आणि आफ्रिकी अभ्यास या विषयांतली. पॅरिसला जाऊन ते मूकाभिनय आणि नाट्य शिकले. १९८९पासून त्यांनी कोळशाने चित्रं काढून त्यांच्या फिल्म करायला घेतल्या. ॲनिमेशनवाले हजारो कागद वापरतात. केंट्रिज एका फिल्मला वीस ते चाळीस. एक चित्र काढायचं, कॅमेऱ्यापाशी जाऊन एक-दोन फ्रेम घ्यायच्या, परत येऊन थोडं पुसायचं, थोडं नव्याने काढायचं, पुन्हा कॅमेऱ्यापाशी. कोळसा पूर्ण पुसला जात नाही. माणूस चालत गेला की त्याच्या मागे करड्या डागांची वाट राहते.

१९९१ची 'माइन' बघावी. खाणमालक सोहो एकस्टाइन पलंगावर न्याहारीला बसला आहे. कॉफीच्या भांड्याचा दांडा तो खाली दाबतो आणि दांडा थांबतच नाही. भांड्याच्या तळातून ट्रेमध्ये, ट्रेमधून गादीत, गादीतून जमिनीत, कामगारांच्या झोपण्याच्या फळ्यांमधून, न्हाणीघरांतून, बोगद्यांतून खोल खोल उतरत राहतो. वंशभेदी अर्थव्यवस्थेवरचं एखादं जाडजूड पुस्तक ज्या साखळीचं वर्णन करतं, ती एका सलग रेषेत. १९९६मधली 'हिस्टरी ऑफ द मेन कंप्लेंट' सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्यांच्या दिवसांतली. अपुरं पुसलं जाणं हे तिथे तंत्र राहत नाही, तो त्या देशाच्या स्मरणशक्तीबद्दलचा मुद्दा होतो. २०१२मध्ये हार्वर्डने त्यांना नॉर्टन व्याख्यानांसाठी बोलावलं, तेव्हा त्यांनी सहा व्याख्यानांना चित्रकलेचे सहा धडे म्हटलं आणि विद्वानांसमोर स्टुडिओतल्या येरझाऱ्यांचं महत्त्व मांडलं. त्यांचं काम २०१३मध्ये मुंबईच्या एका दालनात आणि पुढे कोचीच्या बिनालेतही येऊन गेलं.

बडोद्याची गोष्ट थोडी निराळी. १९५०मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा निघाली, तेव्हापासून तिथे चित्रकाराने लिहावं, वाचावं, इतिहास शिकवावा हे गृहीतच होतं. के. जी. सुब्रमण्यन आणि गुलाममोहम्मद शेख या दोघांनी चित्रं जितक्या गांभीर्याने काढली तितक्याच गांभीर्याने लिहिलं. शेख तर गुजरातीतले महत्त्वाचे कवी. त्याच शाळेतून आलेले विवान सुंदरम पुढे लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेले आणि तिथे चित्रकलेबरोबर सिनेमाचा इतिहास शिकले. चित्रकार अमृता शेरगिल ही त्यांची मावशी. तिची पत्रं आणि लेखन त्यांनी दोन खंडांत संपादित केलं, आजोबांनी काढलेल्या कौटुंबिक छायाचित्रांची संगणकावर नवी जुळणी करून 'रीटेक ऑफ अमृता' केलं. एकाच साहित्यातून एकीकडे अभ्यासकाला लागणारा ग्रंथ आणि दुसरीकडे कधीच न घडलेल्या क्षणांची छायाचित्रं. आपल्याच घरच्या दप्तराशी इतकी शिस्त आणि इतकी मोकळीक एकदम बाळगणं सोपं नाही.

सुंदरम यांचं मुंबईशी थेट नातं सांगणारं काम २०१७चं. १८ फेब्रुवारी १९४६ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल तळावर नाविकांनी संप पुकारला, तो बंदरातल्या जहाजांवर पसरला आणि गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरले. मुंबईच्या पाठ्यपुस्तकी इतिहासात याला चार ओळी मिळतात. सिनेमाचे अभ्यासक आशिष राजाध्यक्ष आणि ध्वनिकलावंत डेव्हिड चॅपमन यांना घेऊन सुंदरम यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहाजाच्या पोटासारखं धातूचं दालन उभारलं. प्रेक्षक आत बसे आणि चहूबाजूंनी त्या दिवसांतले आवाज, साक्षी, बातम्या ऐके. पडद्यावर काही नाही. सिनेमाचं सगळं शास्त्र कामाला लावून केलेला, चित्राविना सिनेमा.

या साऱ्याला समांतर, संशोधनाकडून सिनेमाकडे येणारी एक मराठी वाट आहे. कलाविषयक चर्चांत तिचं नाव निघत नाही. सुमित्रा भावे या समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि अध्यापक. पुण्याच्या वस्त्यांमधल्या बायकांवर संशोधन करताना त्यांना खटकत राहिलं की ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना ते वाचता येणार नाही. त्यातून १९८५मध्ये 'बाई' हा लघुपट झाला. कॅमेरा त्यांनी हौसेने घेतला नव्हता, निष्कर्ष परत पोचवायला घेतला होता. पुढची मोठी कारकीर्द त्यातून निघाली. दुसरे अरुण खोपकर. मणि कौल यांच्या 'आषाढ का एक दिन'मधला कालिदास, फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी, 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' आणि 'चलत्-चित्रव्यूह'चा लेखक. भूपेन खक्कर, मलानी आणि सुंदरम यांच्यावर त्यांनी 'फिगर्स ऑफ थॉट' केली, जहांगीर सबावालांवर 'कलर्स ऑफ ॲबसेन्स'. चित्रकारावर फिल्म म्हणजे चित्रावरून कॅमेरा फिरवायचा आणि मागे सतार लावायची, ही सवय मोडणाऱ्या फिल्म आहेत त्या. खोपकर स्वतः चित्रकार नव्हेत, तरी चित्र कसं वाचावं हे मराठीत त्यांच्याइतकं कमी जणांनी शिकवलं.

आता विद्यापीठाकडे. १९९२मध्ये ब्रिटनमधल्या पॉलिटेक्निकांना विद्यापीठांचा दर्जा मिळाला. अनेक कलाशाळा त्यांच्या पोटात होत्या, त्यामुळे चित्रकला शिकवणाऱ्यांकडूनही 'संशोधन' किती झालं याचा हिशेब मागणं सुरू झालं, कारण अनुदान त्यावर ठरत होतं. १९९३मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या ख्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी एका छोट्या निबंधात वर्गवारी केली: कलेविषयी केलेलं संशोधन, कला करता करता केलेलं संशोधन, आणि ज्यात सगळा विचार त्या वस्तूतच मुरलेला असतो ते. तिसरा प्रकार काटेरी आहे, हे त्यांनाही दिसत होतं. परीक्षकाने तपासायचं काय? तरीही स्टुडिओतल्या कामावर पीएचडी देण्याची प्रथा युरोपभर पसरली. अमेरिकेतले कलेतिहासकार जेम्स एल्किन्स यांनी २००९मध्ये यावर एक जाड संपादित ग्रंथच काढला आणि त्यात आपल्या शंका लपवल्या नाहीत.

शंका रास्त आहेत. पदवीसाठी झालेल्या कामात एक ओळखीचा साचा दिसू लागला आहे: दहा मिनिटांचा संथ व्हिडिओ, जुन्या दप्तरातले चार कागद काचेखाली, आणि भिंतीवर फूकोचं नाव असलेला परिच्छेद. परिच्छेद काढून घेतला तर व्हिडिओ मुका होतो. 'माइन'मधला दांडा कुठल्याही परिच्छेदाशिवाय खाली जातो, 'सिझिजी'ला माहितीफलक लागत नाही. पण दुसरी बाजूही आहे. व्हिएन्नाहून तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेल्या हितो श्टायर्ल यांच्या व्हिडिओंमध्ये विद्वत्ता आणि टवाळी सुखाने नांदतात. आणि पदवी नसलेला मार्ग म्हणून मलानींचं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं काम बघता येईल. तिथल्या फेलोशिपवर त्यांनी कॅराव्हाजिओ, ब्रॉन्झिनो अशांची चित्रं बारकाईने अभ्यासली, त्यांतले तपशील आयपॅडवर बोटाने ओरबाडले, पुसले, त्यांवर नव्या आकृत्या चढवल्या आणि २०२३मध्ये ती ॲनिमेशनं गॅलरीच्या भिंतींवर एकावर एक धावली. युरोपच्या अभिमानाच्या चित्रांमध्ये वसाहतींचा पैसा आणि बायकांचे देह कुठे कुठे दडलेत, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

आपल्याकडे जे.जे.ला २०२३मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १८५७पासूनची ही संस्था. फाळके, तय्यब, पदमसी, मलानी सगळे तिथले. म्हणजे चित्र, फिल्म आणि अभ्यास एकत्र आणणारी माणसं तिथून निघत होतीच; फक्त ती संस्थेच्या बाहेर पडल्यावर, फेलोशिपच्या आणि मित्रांच्या जोरावर तसं करत होती. आता पीएचडीचे दरवाजे उघडले तर चित्रकाराला तीनशे पानं लिहायला लावून त्याचं चित्र परिशिष्टात टाकायचं, की नेपियन सी रोडवर होता तसा कारखाना आवारात मांडायचा, हा खरा निर्णय आहे.

जपणुकीच्या बाबतीत तर मुंबईतच धडा हाताशी आहे. शैना आनंद आणि अशोक सुकुमारन यांचा 'कॅम्प' हा गट २००७पासून काम करतो. त्यांनी इतरांच्या साथीने उभारलेल्या 'पॅडमा' या ऑनलाइन संग्रहावर पुरे झालेले माहितीपट नसतात, तर त्यांच्यामागचं कच्चं चित्रण असतं, आणि फ्रेमच्या शेजारी अभ्यासकांनी केलेली टिपणं. 'इंडियनसिनेमा'वर जुन्या चित्रपटांचं तेच. मधुश्री दत्ता यांच्या पुढाकाराने झालेल्या 'प्रोजेक्ट सिनेमा सिटी'ने चित्रकार, वास्तुरचनाकार आणि अभ्यासकांना मुंबईच्या सिनेमाच्या मागे लावलं, २०१२मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं आणि सगळ्याचा जाडजूड ग्रंथही निघाला. हे सगळं छोट्या गटांनी केलेलं. सरकारी बाजूला फिल्म्स डिव्हिजन २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. 'कूडल' आणि 'आबिद' आता त्या साठ्यात आहेत आणि त्या कुणाला, किती सहज पाहायला मिळतात यावर त्यांचं पुढचं आयुष्य ठरणार आहे. जे.जे.च्या नियमावलीत निदान एवढं तरी यायला हरकत नाही: पदवीसाठी सादर झालेली फिल्म, तिचं मूळ चित्रण, रेखाटनं आणि टिपणवही, या सगळ्याच्या दोन प्रती, आणि त्यांतली एक जे.जे.च्या आवाराबाहेर.